टाकीला दार ठेवा

मराठीत गंज म्हणजे लोखंडाला लागणारा तांबूस रोग, आणि उर्दूत गंज म्हणजे खजिना. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या आमच्यासारख्याची यावरून दर वर्षी वर्गात फजिती होते. मराठीच्या तासाला एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, लोखंडाला खजिना कसा लागतो?" यंदा मात्र आम्हांला हे दोन्ही गंज एकाच जागी भेटले. ते भेटले मोठ्या मामूंच्या जुन्या लाँचच्या पोटात, डिझेलच्या टाकीखाली. त्या टाकीपायी आमच्या घरातले एक पोर जिवाला मुकायची वेळ आली होती. म्हणून हा महिना त्या टाकीला.

आमचे आजोळ कल्याणचे, खाडीकाठचे. आज कल्याण म्हटले की लोकांना जंक्शन आठवते, पण रेल्वे तिथे १८५४ साली आली. बंदर त्याच्या कितीतरी शतके आधीपासून होते. १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि मराठी आरमाराची पहिली जहाजे याच खाडीत बांधायला सुरुवात झाली. पुढे त्या आरमाराच्या सरदारांत दौलतखान होते, हे आमच्या मामूंना शाळेत न जाताही पाठ आहे. रेल्वे आली आणि मालाची गलबते हळूहळू कमी झाली. उरली ती रेती. मामूंची हयात रेतीच्या बोटींवर गेली. आधी खलाशी, मग इंजिनवाला, मग तांडेल. पुढे रेतीवरही बंधने आली आणि बंदर फक्त नावापुरते बंदर राहिले.

मामूंकडे उरली ती एक लाँच. ती रेतीची नव्हे. मुंबईतल्या कुणा गिरणीमालकाने शौकासाठी बांधून घेतलेली ही मोटरबोट. इंग्रजीत हिला यॉट म्हणतात. लांबी अडतीस फूट, सगळे अंग सागवानी, मध्ये काचांची खोली, पितळी कड्या. मालक गेले, वारसांना शौक नव्हता, आणि मामूंनी रेतीच्या बऱ्या दिवसांत ती विकत घेतली. आमच्या दोन मावश्यांच्या वराती तिच्यातून निघाल्या. मग ती वीस वर्षे काठाला पडून राहिली. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला, तेव्हापासून मामूंनी एकच धोशा लावला, "खाडी परत उघडणार. लाँच तयार हवी."

आणि लाँच खरोखरच होऊ लागली. फळ्यांमधल्या फटी कापसाने भरून झाल्या, रंग झाला, लेलँडचे इंजिन खोलून बांधले. सागवानाची कमाल अशी की वीस वर्षांच्या हेळसांडीनंतरही फार थोड्या फळ्या बदलाव्या लागल्या. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानातून बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरले, आणि ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. लाकूड सांभाळले तर माणसाच्या चार पिढ्या पाहते. पोटात बसवलेले लोखंड तेवढे पाहत नाही. हे आम्हांला गेल्या हिवाळ्यात कळले.

पहिल्या फेरीला आम्ही सगळेच होतो. डोंबिवलीच्या मोठागावसमोर इंजिन खोकले आणि बंद पडले. ओहोटी लागली होती, लाँच आडवी होऊन वाहू लागली. मामूंनी नांगर टाकला म्हणून निभावले. फिल्टर उघडला तर आत डिझेल नव्हतेच, काजळासारखी काळी साय भरली होती. साफ केला. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. त्या दिवशी दुसऱ्या बोटीने आम्हांला ओढून आणले. घरी आल्यावर मामींनी सगळ्यांचे कपडे हुंगले आणि म्हणाल्या, "हा वास इंजिनाचा नाही. कुठेतरी गळतंय." दुसऱ्या दिवशी तळातले पाणी उपसले तर त्यावर इंद्रधनुष्य तरंगत होते.

टाकी कशी मरते, हे इथे नीट सांगतो. वाचकांपैकी पुष्कळांचे माहेर-सासर मुरूड, श्रीवर्धन, दाभोळकडचे आहे आणि घरच्या बोटीही आहेत.

अर्धी रिकामी टाकी रात्री गार होते. आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर घामासारखी जमते आणि ओघळून तळाला जाते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळालाच राहते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या रेषेवर सूक्ष्म जीव वाढतात. त्यांचीच ती काळी साय. त्यांच्या आम्लाने पत्रा आतून टोचला जातो. पण आतल्यापेक्षा बाहेरचा घाव मोठा असतो. आमची टाकी दोन लाकडी ओंडक्यांवर सपाट ठेवलेली होती, आणि आवाज येऊ नये म्हणून खाली जाड नमदा अंथरलेला होता. डेकच्या एका फटीतून पावसाचे पाणी टाकीवर पडायचे, कडेने उतरून त्या नमद्यात मुरायचे. खाडीची खारी हवा सोबत होतीच. नमदा वर्षानुवर्षे ओला राहिला आणि टाकीला खालून खात राहिला. वरून बघणाऱ्याला टाकी रंगवलेली, ठणठणीत दिसत होती.

आता खरी अडचण. बोट बांधताना टाकी आधी बसवली होती आणि डेक नंतर ठोकला होता. टाकी सव्वा मीटर लांब, ८० सेंटिमीटर रुंद, ५० उंच, म्हणजे बरोबर ५०० लिटरची. वरचा दरवाजा ५६ बाय ७०. ती कशीही फिरवली तरी बाहेर येणार नव्हती. ज्याने बोट बांधली त्याने मनाशी धरले असावे की ही टाकी कधी काढावी लागणारच नाही.

वाटा तीन होत्या. डेक कापून टाकी अखंड उचलायची, पण त्या सागवानी डेकला करवत लावायला मामू तयार नव्हते. जुनी टाकी तिथेच सोडून नवी दुसरीकडे बसवायची, पण सडकी, गाळाने भरलेली टाकी पोटात ठेवून प्रवास करायचा का? तिसरी वाट म्हणजे टाकी जागेवरच कापून तुकड्यांनी काढायची.

एका फॅब्रिकेटरने तिसरी वाट स्वस्तात सांगितली. डिझेल काढून घ्या, टाकी रिकामी करा, मी गॅस कटर घेऊन येतो, अर्ध्या दिवसाचे काम, साडेचार हजार. फक्त जागा अरुंद आहे, आत उतरायला एक बारीक अंगाचा पोरगा द्या.

घरात बारीक अंगाचा पोरगा होता. मामूंचा नातू, वय एकोणीस, नुकताच आयटीआयमधून वेल्डरचा कोर्स करून आलेला. त्याचा बाप, म्हणजे आमचा मामेभाऊ, कुवेतला. शुक्रवारी रात्री जेवणानंतर सगळे बसलो आणि ठरवून टाकले. मामू म्हणाले, "डिझेल आहे, पेट्रोल थोडंच आहे? डिझेलवर काडी टाकली तरी विझते." आम्ही, बीएड झालेले, वीस वर्षे मुलांना शिकवणारे, मान डोलावली. साडेचार हजारांत काम होतेय, पोराचा हातही बसेल, असे आम्हीच वर म्हणालो. हे लिहायला आज लाज वाटते, पण लिहिले पाहिजे.

पोरगा गप्प बसला होता. मामी ताटे उचलत होत्या. त्या थांबल्या आणि त्याला म्हणाल्या, "तू का बोलत नाहीस? तुला तिथं शिकवलंय ना? काय शिकवलंय?"

त्याने आधी दादांकडे पाहिले, मग आमच्याकडे. मग खाली बघत म्हणाला, "शिकवलंय की रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सगळे मोठे बोलत होतात."

खोलीत कोणी बोलेना. मामूंनी चष्मा काढून पुसला. आम्हांला बीएडचे ते पाठ आठवले, 'मुलांना बोलते करा'. त्या विषयात आम्हांला चांगले गुण होते.

पोराने जे सांगितले ते असे. द्रवरूप डिझेल साध्या उष्णतेला सहज पेट घेत नाही, मामूंचे तेवढे खरे. पण जळते ती वाफ. भरलेल्या टाकीत वाफेला जागा थोडी असते. रिकाम्या टाकीत जागाच जागा, आणि त्या जागेत हवा. पत्र्याला चिकटलेला डिझेलचा पातळ थर, कोपऱ्यातला गाळ, सांध्यांच्या फटीत मुरलेले तेल कितीही पुसले तरी राहते. गॅस कटरची ज्योत असते तीन हजार अंशांच्या आसपास. ती लागली की तो थर क्षणात वाफ होतो, हवेशी मिसळतो आणि तीच ज्योत त्याला पेटवते. चारी बाजूंनी बंद लोखंडी पेटी मग बॉम्बसारखी फुटते. रिकामी पिंपे कापताना भंगारवाले दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. दुसरी गोष्ट, बंद लोखंडी टाकीत गंज चढत असतो तो हवेतला प्राणवायू खाऊनच. अशा टाकीत कुणी डोके घातले तर ज्योत नसतानाही शुद्ध हरपू शकते. साध्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. तो १९.५ च्या खाली गेला की कामगाराला आत जाऊ देत नाहीत.

आम्ही डोंबिवलीच्या शेजारची माणसे. एमआयडीसीतला २६ मे २०१६ चा स्फोट आणि २३ मे २०२४ चा स्फोट आम्ही कानांनी ऐकलेला आहे, दूरवरच्या घरांच्या काचा फुटलेल्या पाहिल्या आहेत. तिथली कारणे वेगळी होती. पण बंद भांडे, ज्वलनशील वाफ आणि उष्णता एकत्र आली की काय होते, हे आमच्या भागात कुणाला शिकवायची गरज पडू नये. तरी आम्हांला पडली.

फॅब्रिकेटरला नको म्हणून कळवले. पोराने आपल्या आयटीआयच्या निदेशकांना विचारले. त्यांनी मुंबईच्या गोदीत जहाजदुरुस्तीत उमेद घालवलेल्या, आता मुंब्र्यात राहणाऱ्या एका मिस्त्रींकडे पाठवले. मिस्त्रींनी लाँच पाहिली, टाकीवर टिचकी मारली आणि विचारले, "घाई आहे का?" मामू म्हणाले, "नाही." मिस्त्री म्हणाले, "मग होईल."

चांदाची पंधरावी झाली आणि उधाणाची भरती आली, तेव्हा लाँच काठावर वर घेतली. भरती उतरली तशी ती लाकडी ठोकळ्यांवर बसली. पहिल्यांदा बॅटरीच्या तारा सोडल्या. विडी-सिगारेट, मोबाइल सगळे काठावर. उरलेले सत्तर लिटर डिझेल हातपंपाने लोखंडी पिंपात काढले. बांबूला फडके बांधून गाळ खरवडला. साबणाच्या गरम पाण्याने टाकी तीनदा धुतली. मग ती पाण्याने काठोकाठ भरली, म्हणजे वाफेला राहायला जागाच उरली नाही. पंखा बोटीबाहेर ठेवून जाड नळीने ताजी हवा आत सोडली. एका कारखान्यात सुरक्षेचे काम करणारा माणूस गॅसमीटर घेऊन आला. त्याने आधी मोजले, मग दर तासाला मोजले. प्राणवायू पुरेसा आणि ज्वलनशील वाफ शून्य असेल तरच कामाला परवानगी. ज्योत नाही, ठिणग्या उडवणारा ग्राइंडर नाही. हवेच्या दाबावर चालणारी करवत, तिच्या पात्यावर सतत तेलमिश्रित पाणी. टाकीतले पाणी वीतभर खाली उतरवायचे, पाण्याच्या वरचा पत्रा कापून काढायचा, पुन्हा वीतभर. मिस्त्री आणि पोरगा आळीपाळीने. अर्ध्या दिवसाच्या कामाला दोन दिवस लागले आणि साडेचार हजारांच्या जागी चौदा हजार. मामी दोन्ही दिवस काठावर तसबीह घेऊन बसल्या होत्या.

शेवटचा तळाचा पत्रा निघाला तेव्हा तो हाताने मोडत होता. खालचा नमदा काळा, चिखल झालेला. मामूंनी वाकून टाकीखालच्या सागवानी वांकीत स्क्रू-ड्रायव्हर खुपसून पाहिला. तो जाईना. दुसरीकडे, तिसरीकडे. एका ओंडक्याचे टोक तेवढे कुजले होते, बाकी लाकूड हाडासारखे. मामू वर बघून आम्हांला म्हणाले, "मास्तर, हा तुमचा उर्दूतला गंज."

आता नवी टाकी कशाची करायची? इथे प्रत्येकाचे मत होते, म्हणून जे कळले ते सांगतो. स्टेनलेस स्टील चमकते, पण साचलेल्या खाऱ्या पाण्यात आणि हवा न पोहोचणाऱ्या फटीत त्यालाही बारीक खड्डे पडतात, विशेषतः वेल्डिंगजवळ. ॲल्युमिनियम हलके, पण ओल्या लाकडाला किंवा पितळ-तांब्याला टेकून बसले की झिजते. बोटीसाठी बनवलेली प्लास्टिकची टाकी गंजत नाही, मात्र ती ठराविक मापातच मिळते आणि डिझेलने किंचित फुगते, म्हणून भोवती जागा सोडावी लागते. घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी या कामाला कधीही वापरू नये. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आतून नको, कारण डिझेल आणि जस्त यांची क्रिया होऊन फिल्टर चोंदतात. तांब्याच्या संगतीतही डिझेल लवकर खराब होते. आम्ही शेवटी साधा लोखंडी पत्राच घेतला, ४ मिलिमीटरचा. आतून कोरा, कारण आत डिझेलच त्याला राखते, आणि बाहेरून इपॉक्सी रंगाचे तीन हात.

एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान करायच्या ठरल्या. १०० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४० उंच. आमच्या सातवीच्या मुलांना हे गणित घातले : दोन टाक्यांत मिळून किती लिटर? उत्तर ३६०. एका लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम, तर भरलेल्या टाक्यांतल्या डिझेलचे वजन किती? जवळजवळ ३०० किलो. जुन्यापेक्षा १४० लिटर कमी मावणार होते. मामू थोडे खट्टू झाले. लांबच्या फेरीचे त्यांचे स्वप्न तेवढे आखूड झाले. पण दोन टाक्यांचा फायदा असा की एकीत घाण शिरली तर दुसरीवर घरी येता येते.

पत्रा कापण्याआधी मिस्त्रींनी पुठ्ठ्याची टाकी करून आणायला सांगितली. आमच्या मुलांनी ती रविवारी घरात बनवली, नळ्यांच्या जागी खळीच्या पुंगळ्या चिकटवल्या. ती घेऊन आम्ही दरवाजातून उतरवू लागलो, तर टाकी गेली आणि पुंगळी अडली. भरण्याची नळी चार बोटे सरकवावी लागली. लोखंडात हीच चूक केली असती तर पुन्हा कापाकापी. पुठ्ठ्याला शून्य खर्च आला.

प्रत्येक टाकीत मधोमध भोके पाडलेला एक पडदा आहे, म्हणजे बोट डुलली तरी डिझेल एका अंगाला आपटत नाही. सगळ्यांत खाली एक खोलगट जागा आणि तिला तोटी, तिथे पाणी साचेल ते काढता यावे म्हणून. आणि वर, हात खांद्यापर्यंत आत जाईल असे गोल झाकण, बोल्टांनी आवळलेले. जुन्या टाकीला ते नव्हते. असते तर हा गाळ दहा वर्षांपूर्वीच दिसला असता.

टाकी तपासताना फार लोक चुकतात. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावून हवा भरतात. आम्हीही भरणार होतो. मिस्त्रींनी पोराला विचारले, "हिशेब कर." टाकीची एक बाजू १०० बाय ४५, म्हणजे ४५०० चौरस सेंटिमीटर. नुसता ३ पौंडांचा दाब दिला, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २१० ग्रॅम, तरी त्या एका भिंतीवर नऊशे किलोंहून अधिक जोर येतो. कॉम्प्रेसर याच्या कितीतरी पट देऊ शकतो. मग मिस्त्रींनी साधी युक्ती केली. टाकी पाण्याने भरली, पारदर्शक नळी जोडून ती टाकीच्या वर २ मीटर १० सेंटिमीटर उभी धरली आणि तीही पाण्याने भरली. तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब बरोबर ३ पौंड होतो. रात्रभर ठेवले. सकाळी नळीतली पातळी तिथेच होती आणि सांधे कोरडे होते. फजरनंतर पोरगा ते बघायला अनवाणी धावत गेला होता.

टाक्या आता नमद्यावर नाहीत. खाली कडक रबराच्या पट्ट्या अंतर सोडून चिकटवल्या आहेत, म्हणजे खालून हवा फिरते आणि पाणी थांबत नाही. चहूबाजूंनी बोटभर जागा आहे. हवेची नळी डेकवर उंच, तोंडाला जाळी. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीला टाकीपाशीच बंद करायचा व्हॉल्व्ह, पाणी वेगळे करणारा फिल्टर, आणि नळ्या डिझेलसाठीच बनवलेल्या, प्रत्येक टोकाला दोन क्लिपा. दोन टाक्या करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. डिझेल इंजिन घेतलेले सगळे डिझेल जाळत नाही, उरलेले दुसऱ्या नळीने टाकीत परत पाठवते. एका टाकीतून घेतले आणि परतीची नळी दुसऱ्या टाकीकडे राहिली तर दुसरी हळूहळू भरून उतू जाते. म्हणून आमच्या लाँचवर जाण्याचा आणि परतीचा, दोन्ही व्हॉल्व्ह एकाच दांड्याने फिरतात.

उरला गाळ. दीड पिंप गाळ, तेलकट धुवण आणि जुने डिझेल. काठावरच्या एकाने सुचवले, "भरतीला सोडून द्या, कोण बघतंय?" पलीकडच्या ठाणे खाडीला २०२२ साली रामसर यादीत जागा मिळाली, तिथे दर हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात. आपली उल्हास खाडी तिलाच जोडलेली आहे. आणि पक्षी नसते तरी याच काठावर कुणाची तरी मासळी वाळत असते. पिंपे झाकून ठेवली आणि असा कचरा घेण्याचा परवाना असणाऱ्याच्या टेम्पोत चढवली. त्याचेही पैसे लागले. मामूंनी कुरकुर न करता दिले.

पुढच्या उधाणाला, चांद दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी, लाँच पाण्यात गेली. मोठागावपर्यंत गेलो आणि आलो. इंजिन खोकले नाही. सवारी नेण्याचा विचार अजून लांब आहे. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याप्रमाणे नोंदणी आणि तपासणी बाकी आहे, मेरीटाइम बोर्डाचे कागद भरायचे आहेत. तोवर घरच्या घरी.

एक बदल मामूंनी स्वतःहून केला. खोलीच्या सागवानी जमिनीला त्यांनी करवत लावू दिली. प्रत्येक टाकीवर एक चौकोनी फळी आता पितळी कडीने उचलता येते. ज्या माणसाने डेकला हात लावू दिला नव्हता, त्यानेच मापे काढून दिली. खाली, टाकीच्या अंगावर पोराने पांढऱ्या रंगाने बसवल्याची तारीख लिहिली आहे आणि पुढे झाकण उघडून बघायची तारीख. पावसाळ्याआधी टाक्या काठोकाठ भरून ठेवायच्या, म्हणजे आत घाम धरायला जागा राहत नाही, आणि पावसाळ्यानंतर तोटीतून पाणी काढायचे, हेही त्याने तिथेच लिहिले आहे. मराठीत आणि उर्दूत.

आपल्या घरांतही पुष्कळ वस्तू अशाच झाकून बसवलेल्या असतात. ओट्यामागे गेलेली गॅसची रबरी नळी, फरशीखालचा पाइप, गच्चीवरची कधीच न उघडलेली टाकी. वापर रोजचा, पण दिसत नाहीत म्हणून ठीक आहेत असे आपण धरून चालतो. पुढच्या वेळी मिस्त्री घरी आला की त्याला एवढे सांगा, जे झाकतोस त्याला उघडायला जागा ठेव. थोडे जास्त पैसे मागेल, द्यावेत.

आणि घरात मोठे लोक काही ठरवत असतील, तर कोपऱ्यात बसलेल्याला एकदा विचारावे. त्या शुक्रवारी मामींनी विचारले म्हणून आम्ही आज हे लिहितो आहोत. पोराच्या बापाला कुवेतला यातले फार थोडे सांगितले आहे. उरलेले तो ईदला आला की मामी सांगणार आहेत, आणि आमचे साडेचार हजारांचे वाक्यही त्या गाळणार नाहीत, अशी आम्हांला खात्री आहे.